बॉडी खाली येते तेव्हा वर काय जातं?



पडद्यावरचा फोटो नीट बघून घ्या, कारण थोड्या वेळानं आम्ही तो बंद करणार आहोत. तांबडी जीप, बाजूनं काढलेला फोटो. चाकं आहेत तेवढीच आहेत, पण बॉडी त्यांच्यामध्ये इतकी खाली बसलीय की डबक्यात म्हैस बसावी तशी दिसते. मघाशी हा फोटो आला तेव्हा मागच्या रांगेतून 'लई भारी' असा आवाज आला. आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा आमच्याही तोंडून तेच निघालं होतं. ही जीप आपल्या धाराशिव जिल्ह्यातच तयार झाली आहे. तिचे मालक आणि मिस्त्री दोघंही आज इथं बसलेत, आणि नाव घ्यायचं नाही या अटीवर त्यांनी आम्हाला तिच्याबद्दल बरं-वाईट बोलायची परवानगी दिली आहे. त्याबद्दल आधी त्यांचे आभार.

आपल्याकडे गाडीवर बोलायचं म्हणजे ॲव्हरेज किती देते आणि कितीला पडली, एवढंच. नाटकाची समीक्षा होते, कवितेची होते, वाड्याच्या तुळयांवरच्या कोरीवकामावर लोक लेख लिहितात. पण एका माणसानं सहा-आठ महिने पत्रा ठोकून जी वस्तू उभी केली, तिच्याबद्दल 'भारी' आणि 'पैसे वाया घालवले' यापलीकडे तिसरं वाक्य कुणी बोलत नाही. आज ते तिसरं वाक्य शोधायचं आहे.

बॉडी वेगळी आणि चेसी वेगळी, हे ज्यांच्या दारात बैलगाडी होती त्यांना सांगावं लागत नाही. खाली आख आणि चाकं, वर साटा. साटा बदलला म्हणून कुणी आख बदलत नाही. एसटीनंही वर्षानुवर्षं हेच केलं. कंपनीकडून नुसती चेसी यायची आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या कार्यशाळांत तिच्यावर बॉडी चढायची. जीपचंही तसंच आहे. खाली लोखंडी चौकट, म्हणजे दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, स्टिअरिंगचा डबा, सगळं त्या चौकटीला बांधलेलं. वर पत्र्याची बॉडी बोल्टांनी आवळलेली, मध्ये रबराचे तुकडे. अँबॅसडर किंवा पद्मिनीला अशी सुटी चौकट नव्हती, तिथं बॉडी हीच चौकट. त्यामुळे आजचं बोलणं त्यांना लागू नाही. कुणी मिस्त्री 'अँबॅसडरची बॉडी चेसीवरून खाली घेऊन देतो' म्हणाला तर त्याला ॲडव्हान्स देऊ नका. (हशा)

आता 'खाली घेणं' म्हणजे नक्की काय ते बघू. गाडी बुटकी करायचे मुख्य रस्ते दोन. एक सोपा. पाट्यांतली पानं कमी करायची, स्प्रिंगवाली गाडी असेल तर स्प्रिंग कापायची, म्हणजे अख्खी गाडी चेसीसकट खाली येते. दुसरा रस्ता आपल्या आजच्या विषयाचा. चाकं, आख, पाटे, चेसी जिथल्या तिथं ठेवायची आणि फक्त बॉडी खाली आणायची. पण बॉडीचा फ्लोअर तर चेसीवर टेकलेला असतो, मग ती खाली जाणार कशी? फ्लोअर कापून. कडेकडेनं ग्राइंडर फिरवून फ्लोअर मोकळा केला की डब्यावर झाकण बसावं तशी बॉडी चेसीच्या दोन्ही अंगांनी खाली उतरते. चेसीची पट्टी चार इंच उंच असेल तर बॉडी चार इंच खाली. मग चेसीच्या वर नवा फ्लोअर टाकायचा, बॉडीला आतून नवे आधार द्यायचे, वेल्डिंग करायचं. अमेरिकेत याला चॅनेलिंग म्हणतात.

ऐकायला सोपं वाटतं. पण बॉडी उतरली तरी इंजिन उतरत नाही ना! ते चेसीवर आहे तिथंच आहे. मग बोनेट इंजिनावर आपटतं. रेडिएटर वर डोकावायला लागतो, तो बुटका करून घ्यावा लागतो. स्टिअरिंगचा दांडा ज्या भोकातून आत यायचा ते भोक खाली गेलं, म्हणून दांड्याचा कोन बदलावा लागतो. पेडलं हलवावी लागतात. गिअरबॉक्सवरचा उंचवटा आतमध्ये आणखी वर येतो. मागचं चाक मडगार्डला घासू लागतं. एक निर्णय घेतला की त्यातून हे असे दहा निर्णय निघतात, आणि चांगला मिस्त्री कोण ते त्या दहांत कळतं.

यातला सगळ्यात मोठा बदल मात्र बाजूच्या फोटोत दिसतच नाही. बॉडी खाली आली म्हणजे बॉडीच्या मानानं फ्लोअर वर गेला. सीट फ्लोअरवर असते, आणि सीटवर माणूस. डोकं टपाला लागू नये म्हणून सीट काढून नुसती गादी टाकतात. मग पाय खाली सोडायला जागा राहत नाही, ते पुढं पसरावे लागतात. आजारी माणसाला उशी लावून बसवतात ना, तसं बसून गाडी चालवायची.

ही युक्ती मुळात शोभेसाठी निघाली नव्हती. कॅलिफोर्नियात मुरॉक, एल मिराज अशी कोरडी पडलेली तळी आहेत. तळ म्हणजे मैलोन्‌मैल सपाट माती. तिथं तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्या पळवायची. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून वेळमोजणीची संघटना काढली, सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन. मडगार्ड काढा, पुढची काच काढा, वजन कमी करा, आणि बॉडी खाली घ्या म्हणजे समोरून वाऱ्याला अडवणारा भाग कमी. आपल्याकडचा शर्यतीचा छकडा आठवा. त्यात ओझं न्यायचं नसतं, बाजार करायचा नसतो, त्यामुळे जे नको ते सगळं काढून टाकलेलं असतं. त्यावरचा गाडीवान आराम मागत नाही. कोरड्या तळ्यावरचा पोरगाही मागत नव्हता. काही मिनिटांचा खेळ, मग उतरायचंच आहे.

पुढं वेगाचं कारण मागं पडलं आणि रूप तेवढं उरलं. इथून पुढं आम्हाला समीक्षेची गरज वाटते. १९३२ ची फोर्ड घ्या, अमेरिकेतल्या या लोकांची सगळ्यात लाडकी गाडी. तिच्याआधीच्या मॉडेल ए मध्ये चेसी आणि पायरी यांच्या मध्ये पत्र्याची झालर होती. १९३२ मध्ये ती झालर गेली, चेसीची बाजू उघडी ठेवली आणि त्या पट्टीवरच एक उठावाची रेघ दाबून काढली. चौकट लपवायची नाही, तिलाच नटवायचं, असा तो विचार होता. आता या गाडीची बॉडी खाली घेतली की झाकलं काय जातं? तीच रेघ. मॉडेल ए खाली घेणं आणि १९३२ ची फोर्ड खाली घेणं हे आमच्या मते एकच काम नव्हे. पहिल्यात झाकण्यासारखं फारसं नव्हतं. दुसऱ्यात आधीच्या कारागिराचं वाक्य पुसून त्यावर आपलं लिहायचं आहे. लिहा, पण मग तुमचं वाक्य त्याच्या तोडीचं पाहिजे.

तोडीचं लिहिणारेही झाले. बीच बॉइज या गाणाऱ्या मंडळींचा १९६३ चा 'लिटल ड्यूस कूप' नावाचा अल्बम आहे. त्याच्या मुखपृष्ठावर निळी-पांढरी १९३२ ची फोर्ड कूप दिसते, क्लॅरेन्स कटॅलो नावाच्या तरुणाची. बॉडी चेसीवर उतरवलेली, टपही कापून बुटकं केलेलं. चेसीची रेघ गेली, पण तिच्या जागी खालच्या कडेनं आडव्या चकचकीत पट्ट्या आल्या. गेलेल्याची भरपाई केली, असं म्हणता येईल. त्याच चित्रात गाडीशेजारी मालक उभा आहे, आणि फोटो असा कापलाय की त्याला डोकंच नाही. छापणाऱ्याच्या मनात काही नसेल, चौकोनात गाडी बसवायची होती एवढंच. पण आम्ही ते चित्र बघतो तेव्हा दर वेळी थांबतो. गाडी पूर्ण आहे, माणूस मानेपर्यंत.

आता आपल्याकडे येऊ. इथं फोर्ड नाही, जीप आहे. मुंबईत महिंद्रांनी विलीजची जीप जोडायला घेतली ती स्वातंत्र्याच्या सुमारास. १९५३ साली विलीजनं सीजे-३बी नावाचं मॉडेल काढलं. त्यातलं नवं इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, म्हणून बोनेट उंच करावं लागलं. तेच मॉडेल पुढं महिंद्रांनी कितीतरी वर्षं बनवलं आणि आपल्या रस्त्यांवर 'हाय बोनेट' जीप आली. आज पोरांना हवी असते ती मात्र 'लो बोनेट', लढाईतल्या जीपसारखी. हरियाणातलं मंडी डबवाली हे गाव अशा नव्या बॉड्यांसाठी देशभर ओळखलं जातं. गंमत बघा, ज्या उंचीला इंजिनाचं कारण होतं ती आपल्याला कुरूप वाटते, आणि जी कमी उंची हवीय तिच्याखाली आपण बसवतो उंच डिझेल इंजिन. मग बोनेटला फुगा काढावा लागतो. या तांबड्या जीपलाही आहे. फोटो पलीकडच्या बाजूनं काढलाय म्हणून तुम्हाला दिसला नाही. (हशा) मिस्त्री, रागावू नका, चांगलंही बोलणार आहोत.

चांगलं म्हणजे असं. आपले रस्ते काही कोरडी तळी नव्हेत. बालाघाटावर राहणाऱ्या माणसाला गाडीची उंची किती महत्त्वाची हे नव्यानं कळायला नको. आपलं तेर, म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात नोंद आहे की पैठण आणि तगरचा माल रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जात असे. रस्ता नसेल तर आख उंच लागतो, हे दोन हजार वर्षांपूर्वीही इथल्या सुताराला ठाऊक असणार. आज रस्ते झाले, पण दर गावाच्या वेशीला स्पीडब्रेकर आहे, आणि तो घालणाऱ्यानं मोजपट्टी आणलेली नसते.

अशा ठिकाणी पाटे कमी करून गाडी खाली घेणं म्हणजे मूर्खपणा. दणका खायला जी जागा असते तीच तुम्ही काढून टाकता. पण चेसी जिथल्या तिथं ठेवून फक्त बॉडी खाली घेतली तर जमिनीपासूनची खरी उंची जवळजवळ तेवढीच राहते. कारण जीपच्या खाली सगळ्यात आधी घासतो तो आखाच्या मधला डिफरन्शियलचा गोळा, आणि तो हललेलाच नाही. पाट्यांची चालही तेवढीच. शिवाय बॉडीचं वजन खाली आल्यानं वळणावर गाडी थोडी कमी झुकते. म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सपाट मातीसाठी निघालेली युक्ती आपल्या खडबडीत रस्त्याला पाटे काढण्यापेक्षा जास्त मानवते. गाडी खाली दिसते, पण चालते वरूनच. हे आम्हाला या विषयातलं सगळ्यात हुशार काम वाटतं, आणि जे लोक याला नुसता पोरखेळ म्हणतात त्यांनी याचा विचार केलेला नसतो.

मग आमची तक्रार काय? ती सांगायची तर घरचं सांगावं लागेल.

आमच्या अण्णांची एक जीप होती, १९६२ ची, लिलावात घेतलेली. शेतावर, बाजाराला, लग्नाला, दवाखान्यात तीच. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला, त्यानंतरचे कितीतरी दिवस अण्णा आणि गावातले दोघं-तिघं तीच जीप घेऊन लोहारा-उमरग्याकडच्या गावांत पाण्याची पिंपं पोचवत होते. पिंपं आदळून मागच्या फ्लोअरला दोन मोठे पोचे पडले होते. अण्णांनी ते कधी ठोकून घेतले नाहीत. पुढं गाडी गोठ्यात उभी राहिली. साधारण पंधरा वर्षांपूर्वी आम्हाला हा छंद लागला. मासिकांतले फोटो बघून आम्ही ठरवलं, बॉडी खाली घ्यायची. अण्णांना विचारलं नाही, सांगितलं. ते म्हणाले, 'तुझी तू बघ.' गॅरेजवाल्यानं काम वाईट केलं असं नाही, आम्ही सांगितलं ते केलं. फ्लोअर कापला. कापलेला पत्रा भंगारात वजनावर गेला, पोच्यांसकट.

गाडी तयार झाली ती सुरेख दिसत होती. आजही फोटोत सुरेख दिसते. अण्णांना बसवायला नेलं. त्यांचे गुडघे तेव्हा धरलेले होते. आधी ते जीपच्या कडेवर बसायचे, मग पाय आत घ्यायचे, असा त्यांचा कित्येक वर्षांचा सराव होता. आता कडेच्या आत पाय टाकला की तो खाली जातच नव्हता, लगेच फ्लोअर लागायचा. बसले तेव्हा गुडघे छातीशी आले. दोन मिनिटं बसले, आमचा हात धरून उतरले आणि म्हणाले, 'चांगली झालीय.' त्यानंतर ते त्या जीपमध्ये कधी बसले नाहीत. आम्हीही आग्रह केला नाही.

कापलेला फ्लोअर परत आणता येत नाही. नवा टाकता येतो, आम्ही चौकशी केली, पण तो नवाच असतो. कायद्यानंही ते दार लागलंय. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नियम केला की पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येईल, नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतील. अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. आमची जीप वयानं बसते, अटीत बसत नाही. साध्या नोंदणीचंही सोपं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की कंपनीनं ठरवलेली मूळ रचना बदलेल असा फेरफार करता येणार नाही. म्हणूनच ही तांबडी जीप आज इथं टेम्पोवर चढून आली आहे. एवढी मेहनत करून गाडी बुटकी केली, आणि ती आली सगळ्यांच्या डोक्यावरून. (हशा, टाळ्या)

त्यामुळे आम्ही कुणाला 'बॉडी खाली घेऊ नका' असं सांगत नाही. ज्या जीपचा फ्लोअर गंजून आधीच गेलाय, जिची बॉडी कुणाच्या आठवणीत नाही, तिथं ग्राइंडर चालवा. नव्या पत्र्याची बॉडी घडवत असाल तर प्रश्नच नाही, त्यात जुनं काहीच मरत नाही. या तांबड्या जीपची चेसी जुनी आणि बॉडी कोरी आहे. पण गोठ्यात उभी असलेली आजोबांची अख्खी गाडी, बोल्ट न बोल्ट जागेवर असलेली, तिला हात लावण्याआधी एवढं तरी बघा की घरात तिच्यात बसणारं कोण कोण आहे. गेल्याच महिन्यात कळंब भागातला एक मुलगा असाच सल्ला विचारायला आला होता. त्याला आम्ही आमच्या जीपमध्ये अर्धा तास बसवून ठेवलं. तो काही न बोलता गेला. पुढं काय केलं त्यानं, अजून कळलं नाही.

तर ही तांबडी जीप. रूप म्हणाल तर खालची कड आणि चाकाचा मध्य यांचं नातं मिस्त्रींनी अचूक पकडलंय. आणखी इंचभर खाली गेली असती तर चाकं फार मोठी वाटली असती. बोनेटचा फुगा मात्र आम्हाला पटलेला नाही. तो इंजिनामुळे आलाय हे मान्य, पण आला तो आला, त्याला लपवायला वर काळी पट्टी मारायची गरज नव्हती. पट्टीमुळे नजर तिथंच जाते. मागं जी बाकडी टाकलीत ती तर केवळ मिरवणुकीसाठी आहेत. तिथं गुडघे हनुवटीला लागतात, आम्ही बसून बघितलंय.

पण पुढं मिस्त्रींनी एक काम केलंय जे आमच्या वेळी आम्हाला सुचलं नाही, आमच्या गॅरेजवाल्यालाही नाही, आणि मासिकांतल्या फोटोंत तर ते दिसणं शक्यच नव्हतं. जीपची चेसी अरुंद असते, बॉडी तिच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेली असते. मिस्त्रींनी फ्लोअर फक्त चेसीच्या पट्टीवर आणि मध्ये उंच केला. पट्टीच्या बाहेर, दाराकडच्या अंगाला, पाय ठेवायला खळगा काढून तो खालीच ठेवला. म्हणजे पाय पट्टीच्या शेजारी खाली जातो, आणि बसणारा माणूस माणसासारखा बसतो. आम्ही त्यांना विचारलं, हे कसं सुचलं? ते म्हणाले, 'पत्रा कापायच्या आधी मालकाला खुर्चीवर बसवलं आन् खडूनं पायाची जागा आखली.' पेडलांसाठी त्यात आणखी दोन वेळा बदल करावा लागला, वेल्डिंग उकलून परत मारावं लागलं. उजवीकडच्या खळग्यात ते जोड अजून दिसतात. घासून गुळगुळीत केलेले नाहीत, ते बरं झालं.

आता पडद्यावरचा फोटो बंद करा. गाडी बाहेर अंगणात टेम्पोवरून उतरवून ठेवली आहे. मालकांनी बसायची परवानगी दिली आहे, किल्ली मात्र दिलेली नाही. (हशा) एका वेळी दोघं बसा, पुढच्याच सीटवर. वयस्कर मंडळींना आधी जाऊ द्या. चपला काढू नका, रोजच्या चपला घालूनच बसा, आणि आत पाय टाकल्यावर तो कुठं टेकतो ते बघा.